कार्तिकातला सामना

भागी देवजी भोये हिला राग यायचा नाही. रागावणारी माणसं भांडतात, रडतात आणि दोन दिवसांनी एका ताटात जेवतात. भागी डूख धरायची. खोडाळ्याच्या आश्रमशाळेत ती कामाठी होती. दीडशे पोरांचा भात उतरवायचा, डाळीला फोडणी द्यायची, टोपं घासायची, आणि हे सगळं करता करता तिने एका बाईवरचा डूख नऊ वर्षं सांभाळला. अहो, नऊ वर्षं! तेवढ्यात माणसाचं लग्न होतं, पोर शाळेत जायला लागतं. भागीचं ते दोन्ही झालं, पण डूख काही सुटला नाही.

ती बाई म्हणजे जव्हारची कुसुमावती. बाजारपेठेत कापडाचं दुकान, सभासमारंभात पहिली खुर्ची, आणि मुलींच्या कबड्डी संघाची सर्वेसर्वा. संघाचं नाव सांगत नाही, त्यांची फुकटची जाहिरात कशाला करा? जव्हारचा संघ म्हटलं की सगळे ओळखायचे. तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता, आपण सगळे ठाणे जिल्ह्यातले. जव्हार, मोखाडा, वाडा या बाजूच्या संघांची दरवर्षी साखळी व्हायची. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, जिंकलं की दोन गुण. तुळशीचं लग्न लागलं की साखळी सुरू, आणि होळीच्या आधीच्या रविवारी जव्हारच्या मैदानात पहिल्या दोन संघांचा अंतिम सामना.

त्र्याण्णव साली भागी एकोणीस वर्षांची होती. माहेर सूर्यमाळच्या एका पाड्यावर. उन्हाळ्यात पाण्यासाठी दरीत उतरायचं आणि दोन हंडे डोक्यावर घेऊन चढून यायचं, असं लहानपणापासून केलेलं. अशा पोरीचा पाय एकदा कोणी धरला तरी ती धरणाऱ्यासकट मध्यरेषेपर्यंत यायची. खोडाळ्याला तेव्हा मुलींचा संघ नव्हता. कुसुमावतीने तिला शाळेच्या सामन्यात पाहिलं आणि जव्हारच्या संघात नेलं. "भागी, तू आमची वाघीण," असं म्हणाली, पाठीवर हात ठेवला, नवा टी-शर्ट दिला. भागीला आभाळ ठेंगणं झालं.

पहिले तीन सामने भागीने एकटीने काढले म्हटलं तरी चालेल. वाड्याच्या पोरींना तिची चढाई थांबवता येईना. तीनही सामने जव्हारने जिंकले.

मग संक्रांत आली आणि मुंबईहून दोन पगारी खेळाडू आल्या. कंपनीच्या संघातल्या, कबड्डीवरच नोकरी मिळालेल्या, गुडघ्याला पट्टे बांधणाऱ्या. नाव नोंदवायची मुदत संक्रांतीपर्यंत असायची आणि जव्हारवाले दरवर्षी अगदी शेवटच्या दिवशी त्यांची नावं द्यायचे. भागी बाकावर गेली. ठीक आहे, त्या भारी होत्याच, नाही कोण म्हणतो? पण अंतिम सामन्याच्या दिवशी बारा जणींची यादी वाचली तेव्हा त्या बारांतही भागी नव्हती. बाराव्या जागी कुसुमावतीची भाची होती, जिने साखळीत एकदाही मैदानात पाय ठेवला नव्हता. भागीला पिशव्या सांभाळायला बसवलं. जव्हार जिंकलं, फोटो निघाला, आणि दोन्ही संघांच्या त्या दिवशीच्या बारा-बारा जणींना जिल्हा संघटनेच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं.

भागी गर्दी पांगल्यावर कुसुमावतीकडे गेली. भांडायला नाही, विचारायला. "ताई, तीन सामने मी खेळले. माझा कागद?"

कुसुमावती हसली. वाईट हसली असंही नाही, लाडात येऊन हसली, आणि तेच भागीला जास्त लागलं. "अगं वेडे, कार्तिकातले सामने म्हणजे ताटातली चटणी. चटणी झकास झाली म्हणून कुणी पंगत वाढतं का? कप शेवटी ठरतो. पहिले सामने कोण खेळलं, हे कुणी विचारत नाही."

त्याच मे महिन्यात ठाण्याला पोलीस भरती निघाली. धावण्यात भागी पहिल्या पाचांत, गोळाफेकीत तिसरी. दोन जागा खेळाडूंसाठी होत्या. टेबलामागच्या माणसाने हात पुढे केला आणि विचारलं, "कबड्डी खेळता ना? कागद दाखवा."

कागद नव्हता. साध्या यादीत भागीचा नंबर दोन गुणांनी हुकला. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि कसाऱ्याच्या घाटात तिने ठरवलं: या बाईला मी मैदानाबाहेर बसवीन. तिच्याच मैदानात, तिच्याच मांडवात, तिच्याच लोकांसमोर.

पुढे देवजीशी लग्न झालं. देवजी खोडाळ्याचा, शांत माणूस, दोन एकर नागली-वरई आणि चार म्हशी. भागीला आश्रमशाळेत काम लागलं. तिथे स्वयंपाकघराच्या मागे तिने मैदान आखलं. संध्याकाळची भांडी झाली की साडीचा काष्टा मारायची आणि पोरींना खेळवायची. दहावी होऊन पाड्यावर परत गेलेल्या पोरीही खेळायला यायला लागल्या. सत्त्याण्णव साली खोडाळ्याचा संघ साखळीत आला.

आणि दरवर्षी शेवटून पहिला यायचा. कारण साधं होतं. दिवाळी झाली, खळी उरकली की मुकादमाचा ट्रक पाड्यावर यायचा आणि निम्मी माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची. माणसं गेली की पोरीही गेल्या. पहिल्या सामन्याला खोडाळ्याच्या बारा जणी असायच्या, तिसऱ्याला सात, पाचव्याला कधी कधी पाच. जव्हारला लोक दात काढायचे, "खोडाळ्याचा संघ बघायचाय? मग भट्टीवर जा."

इथेच ती दोन गावं वेगळी होती, बघा. जव्हारचा संघ कार्तिकात निम्मा असायचा आणि माघात पुरा. खोडाळ्याचा कार्तिकात पुरा आणि माघात निम्मा. तरी खोडाळा सगळ्यांत खालचा संघ म्हणून कुसुमावती पहिला सामना नेहमी खोडाळ्याशी मागून घ्यायची. हरलो तर हरलो, पुढे भरून काढू, हा तिचा हिशेब. आणि बहुतेक वेळा तिची कच्ची पोरंही जिंकून जायची.

पण आपणच खणलेल्या खड्ड्यात माणूस कसा पडतो ते ऐका. दोन हजार एक साली जव्हार आणि वाडा यांचे साखळीत सारखे गुण झाले. सगळ्या सामन्यांत मिळवलेल्या-दिलेल्या गुणांचा फरक पाहिला तर वाडा पुढे होता. जव्हारने वाड्याला हरवलं होतं, त्यामुळे कुसुमावतीने सभेत टेबल बडवलं. "आम्ही यांना समोरासमोर हरवलंय! बरोबरी झाली तर त्या दोघांतला सामना कोण जिंकलं तेच बघा, दुसरं काही बघू नका!" संघटनेचे चिटणीस लक्ष्मण गुरुजी, निवृत्त शिक्षक, एका शब्दाला दोनदा तपासणारा माणूस. त्यांनी ते लिहून घेतलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि नियम झाला. सह्या करणाऱ्यांत खोडाळ्यातर्फे भागी होती. तिने तो नियम मनात पाठ करून घेतला आणि मगच खाली सही केली.

दोन हजार दोनच्या कार्तिकात पहिला सामना नेहमीप्रमाणे जव्हारशी लागला, खोडाळ्याच्याच मैदानात, रविवारी. आणि शनिवारी दुपारी कान्हा मुकादमाचा ट्रक येऊन उभा राहिला.

"उद्या सकाळी निघायचं," कान्हा म्हणाला.

"सोमवारी," भागी म्हणाली.

"तुझ्या खेळापायी भट्टी थांबंल व्हय?"

भागीने शाळेची तीन मोठी टोपं आणली, ट्रकच्या पुढे चुली मांडल्या आणि त्यावर रविवारच्या जेवणाचा भात चढवला. पाड्यावरच्या बाया येऊन शेजारी बसल्या. कान्हाने हॉर्न वाजवून पाहिला, शिव्या दिल्या, शेवटी खाली उतरून म्हणाला, "शिजलाय तर वाढ तरी." तो दोन पत्रावळी जेवला आणि ट्रक सोमवारी निघाला.

रविवारी जव्हारची पोरं आली ती निम्मी गमतीने. कुसुमावती नव्हतीच, कुणाच्या तरी साखरपुड्याला गेली होती. संघाबरोबर तिचा पुतण्या पराग होता. तो मैदानाकडे पाठ करून क्रिकेटच्या गप्पा मारत होता. भागीला एवढा संताप आला! नऊ वर्षं वाट पाहावी आणि जिला दाखवायचं तीच समोर नसावी. पण ती पोरींना एवढंच म्हणाली, "आज मरा. उद्याचं उद्या."

सामना काट्याचा झाला. खोडाळ्याची सोनी चढाईला गेली की रिकामी यायची नाही. पण जव्हारची प्रांजल, कॉलेजातली उंच पोरगी, तीही गुण घेऊन जायची. शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा सतरा-सतरा. प्रांजल चढाईला आली. कोपऱ्यात निशा उभी होती. मंगळूची निशा, सतरा वर्षांची, काडी अंगाची, तिला भागीने नाइलाजाने सातवी म्हणून घेतलेलं. तिने प्रांजलचा घोटा धरला आणि सोडलाच नाही. प्रांजलने तिला मातीतून फरफटत नेलं, कोपर सोलून निघालं, पण घोटा हातातच. एक गुण. पुढच्या चढाईत सोनीने आणखी एक आणला. एकोणीस-सतरा. खोडाळा जिंकलं.

पराग हसत हसत म्हणाला, "घ्या, घ्या. पहिलाच सामना आहे."

सोमवारी सकाळी ट्रकमध्ये गाठोडी चढत होती. निशाचं कोपर फडक्याने बांधलेलं. ती फळीवरून वाकून म्हणाली, "ताई, फायनलला पोचलो तर मला बोलवशील ना?"

"बोलवीन गं. तुझ्यामुळं जिंकलो आपण."

त्या ट्रकमधून सहा जणी गेल्या. मागे उरल्या सहा. सात हव्यात. मग सातवी कोण? भागीने यादीत स्वतःचं नाव आधीच घालून ठेवलेलं होतं. अठ्ठावीस वर्षांची, एका पोराची आई, पण पाय तेच. मोखाड्याशी सामना झाला तेव्हा त्यांच्याही पोरी भट्ट्यांवर गेलेल्या. अर्ध्यांची अर्ध्यांशी गाठ पडली आणि भागीच्या चढायांवर खोडाळा जिंकलं. वाड्याने मात्र धुऊन काढलं. विक्रमगडशी तीन गुणांनी हरले. राहिला तलासरीचा सामना, तोही माघात. भागी तो कसा खेळली हे अजून लोक सांगतात. एका डोळ्याखाली काळंनिळं, लुगड्याची किनार फाडून मनगट बांधलेलं, आणि शेवटच्या चढाईत तिघींना घेऊन मध्यरेषेवर पालथी पडली. पालथी पडूनही हात रेषेपलीकडे. खोडाळा जिंकलं.

तिकडे जव्हार पहिले दोन सामने हरलं होतं, एक खोडाळ्याशी आणि एक वाड्याशी. संक्रांतीला पगारी जोडी आली आणि मग त्यांनी उरलेल्या तिघांना अक्षरशः तुडवलं. वाड्याचे दहा गुण. जव्हारचे सहा. खोडाळ्याचे सहा. बाकीचे मागे.

कुसुमावतीला शंकासुद्धा आली नाही. मैदानात मांडव पडला, फलकावर तिचा फोटो लागला, पगारी जोडीची राहायची सोय झाली. सभेत लक्ष्मण गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सहा-सहा गुण. नियमाप्रमाणे दोघांतला सामना बघायचा. तो खोडाळ्याने जिंकलाय. अंतिम सामना वाडा आणि खोडाळा."

"काय बोलताय गुरुजी?" कुसुमावती उठली. "आमचा फरक बघा, शंभराच्या वर आहे! यांचा वजा आहे!"

"फरक बघायचा नाही, असं आपणच म्हणालात. ही आपली सही."

"अहो, पण तो कार्तिकातला सामना होता! आमची मुख्य पोरं त्यात खेळलीच नव्हती. तो काय सामना म्हणायचा?"

भागी कोपऱ्यात बसली होती. ती हसली नाही. तिने ते वाक्य नागलीच्या आंबिलीसारखं घोट घोट पिऊन घेतलं. ती फक्त म्हणाली, "ताई, दोन गुण त्याचेबी असतात."

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. बाई मैदानाबाहेर बसली, तीही तिच्याच तोंडाच्या नियमाने. पण डूख धरलेल्या माणसाचं पोट एका घासाने भरत नाही. भागीला आता ते डोळ्यांनी बघायचं होतं. कुसुमावती यजमान म्हणून पहिल्या रांगेत बसणार, शेवटी प्रमाणपत्रं तिच्याच हातून वाटली जाणार. त्या हातातून आपल्या नावाचा कागद घ्यायचा. पोलिसात जायचं वय टळत आलेलं, कागदाचा उपयोग शून्य. पण उपयोग कोणाला हवा होता?

भट्टीवर गेलेल्या सहा जणींना आणायचं होतं. भट्टीवरून कुणाला दोन दिवस सोडवायचं तर मुकादमाचा एकच रिवाज: माणूस दे, माणूस घे. जाणाऱ्याच्या जागी दुसऱ्याने माती तुडवायची. देवजीने भावकीतले पाच जण तयार केले आणि सहावा स्वतः निघाला. पिठलं-भाकरी बांधून घेऊन तो दारात उभा राहिला.

भागी चुलीपाशी होती. तिने वळून न बघता म्हटलं, "पाच जणीच आण."

"सहा गेल्यात ना?"

"इथं सहा हायेत. त्या पाच आल्या की अकरा. बारावी मी. तेराव्या नावाला जागा नाय. निशाला राहू दे."

देवजीने गाठोडं खाली ठेवलं. "निशानं तर जव्हारवाली धरली होती."

"धरली. पण एकच सामना खेळली ती, तोबी पहिला. मी चार खेळलेय. हक्क माझाबी हाय."

हक्क होताच. नाही कोण म्हणतो? चार सामने तिने अंगावर घेतले होते. पण देवजी उंबऱ्यावरून आत आला. तो माणूस वर्षात चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक त्याने तेव्हा खर्च केलं. "भागे, हे तुझं बोलणं नाय. हे तिचं हाय."

भागीच्या हातातला डाव थांबला. तिला कळलं. असं समजू नका की कळलं नाही. उकळत्या डाळीची वाफ तोंडावर घेत ती म्हणाली, "नऊ वर्षं पिशव्या सांभाळत बसलेय मी, देवजी. एक दिस मला जाऊ दे."

देवजी गेला आणि पाच जणींना घेऊन आला. त्याने स्वतः भट्टीवर राहायचं तर कोणाच्या बदल्यात? त्याची गरजच उरली नव्हती.

अंतिम सामन्यात खोडाळ्याचा पार भुगा झाला. बेचाळीस-सोळा. वाड्याच्या पोरी ताज्या होत्या, भट्टीवरच्या पोरींच्या तळव्यांना भेगा. पण भागीने एक चढाई अशी केली की जव्हारचं सगळं मैदान उभं राहिलं. ती मुद्दाम उजव्या कोपऱ्यात गेली, जिथे रेषेला लागून कुसुमावतीची खुर्ची होती. तिथे वाड्याच्या दोघींना बाद करून तिने मान वळवली आणि कुसुमावतीच्या डोळ्यांत बघत 'कबड्डी कबड्डी' म्हणत परत आली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. हरलेल्या संघासाठी एवढ्या शिट्ट्या जव्हारने कधी वाजवल्या नसतील.

मग नावं पुकारली गेली. सोनी आली, बाकीच्या आल्या. विटांच्या मातीने लाल झालेली नखं पुढे करून एकेकीने कागद घेतला. "भागी देवजी भोये."

कुसुमावतीने दुसरीकडे बघत कागद पुढे केला. भागीने तो धरला, पण ओढला नाही.

"ताई, वर बघून द्या."

माइक चालू होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. कुसुमावतीने वर बघितलं. तिचा चेहरा उतरला होता, ओठ आवळलेले. "घे बाई," ती म्हणाली, "एकदाचा घे." भागीने कागद घेतला आणि पायऱ्या उतरून खाली आली. सुख झालं. अगदी पोटभर सुख झालं, खोटं कशाला बोला? त्या रात्री ती नऊ वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपली.

मे महिना निम्मा झाला तेव्हा भट्ट्या बंद होऊन माणसं पाड्यावर परतली. भागी आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात एकटीच होती, सुट्टीत टोपांना कल्हई करून घ्यायची म्हणून ती मोजून बाजूला लावत होती. दारात निशा येऊन उभी राहिली. उन्हाने काळवंडलेली, आणखी बारीक झालेली.

"ये गं निशा. बस. चा टाकू?"

"नको ताई. माझा कागद न्यायला आलेय." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, खात्री होती. "सोनी सांगत होती, फायनलच्या बारा जणींना मिळाला. देवजीकाका भट्टीवर आले तवा मी पलीकडच्या आव्यावर विटा रचत होते, म्हणून मला निरोप नसंल मिळाला. पण नाव तर असंलच ना माझं. ठाण्याला पोलीस भरती निघालीय, आता मला अठरा पुरी झालीत. परवा जायचंय."

खोटं बोलता आलं असतं. संघटनेने उशीर केला म्हणावं, हरवला म्हणावं, जव्हारवाल्यांवर ढकलावं. पोरीने विश्वास ठेवला असता. भागीने पदराला हात पुसले.

"तुझं नाव नव्हतं, निशा."

"का?"

"बारावी मी होते."

निशाने तिच्याकडे बघितलं. रडली नाही. भागी मनातून देवाला विनवत होती की पोरगी रडू दे, भांडू दे, एखादं टोप फेकून मारू दे. पण निशाने फक्त कोपराच्या जखमेवरून हात फिरवला. वण अजून पांढरा होता.

"माझा सामना पहिला होता म्हणून?"

भागीने मान हलवली. "व्हय."

चूल विझलेली होती. बाहेर कोणीतरी म्हशी हाकत गेलं. निशा जायला वळली, उंबऱ्यावर थांबली.

"पुढल्या कार्तिकात खोडाळ्याचा पहिला सामना कुणाशी हाय?"

"मोखाड्याशी."

"मंग मी मोखाड्याकडून खेळीन," निशा म्हणाली, आणि उन्हात निघून गेली.

भागीने तिला हाक मारली नाही. तिच्यात राग नव्हता हे भागीने बघितलं होतं, आणि त्याचा अर्थ काय ते खोडाळ्यात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.